अजिंक्यपद : मतांचे की मैदानाचे?

खेळातील जयापजयाचा निकाल मैदानावर लागतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी वाद होऊ शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दोन संघ समोरासमोर उभे राहतात, खेळतात आणि त्यांतला एक जिंकतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, तेथील एका अत्यंत लोकप्रिय खेळाच्या बाबतीत, वर्षाचा सर्वश्रेष्ठ संघ कोणता हे कित्येक दशके मैदानावर ठरतच नव्हते. ते ठरत असे मतांनी. आणि ही मते देत वर्तमानपत्रांचे क्रीडालेखक व संघांचे प्रशिक्षक. तो खेळ म्हणजे विद्यापीठीय फुटबॉल. इतर खेळांप्रमाणे या खेळालाही मोसमाच्या अखेरीस बाद पद्धतीची स्पर्धा असावी की नसावी, हा वाद तेथे अर्ध्या शतकाच्या आसपास चालला. त्यात विद्यापीठांचे कुलगुरू पडले, काँग्रेसचे सभासद पडले आणि दोन राष्ट्राध्यक्षांनाही आपले मत दिल्यावाचून राहवले नाही. वरवर पाहता हा वाद एका करंडकापुरता होता. परंतु त्याच्या पोटात गुणवत्ता कोणी ठरवावी, लहानांना मोठ्यांसमोर उभे राहण्याची संधी असावी की नाही, आणि विद्यार्थ्यांच्या श्रमांवर किती खेळ उभारावा, हे प्रश्न दडलेले होते.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अगदी निराळा. त्यातला चेंडू लंबगोल असतो आणि त्याला पायाचा स्पर्श क्वचितच होतो. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ एकमेकांवर अक्षरशः तुटून पडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो प्रतिपक्षाला द्यावा लागतो. अंगाला अंग भिडवून खेळावयाच्या या खेळात शरीराची एवढी झीज होते की एक संघ आठवड्यातून एकच सामना खेळू शकतो. ही साधी गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व इतिहासाचे मूळ सापडते. क्रिकेट, टेनिस किंवा बास्केटबॉल यांच्या स्पर्धा एक-दोन आठवड्यांत उरकता येतात. येथे तसे नाही. वरच्या श्रेणीत शंभराहून अधिक विद्यापीठे आणि प्रत्येकाचे सामने मात्र जेमतेम दहा-बारा. त्यामुळे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. पूर्वेकडील एक संघ अजिंक्य राहतो, पश्चिमेकडील दुसराही राहतो. मग दोघांत श्रेष्ठ कोण?

या खेळाचा आरंभ ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, असे मानतात. त्या दिवशी न्यू जर्सी संस्थानातील न्यू ब्रन्सविक या गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा सामना झाला. प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि खेळ आजच्यापेक्षा इंग्रजी फुटबॉलच्या अधिक जवळचा होता. रटगर्सने तो सहा विरुद्ध चार असा जिंकला. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प याने नियमांत असे फेरफार केले की त्यातून एक स्वतंत्रच खेळ जन्माला आला. या साऱ्यात कोणतीही मध्यवर्ती संस्था नव्हती. विद्यार्थ्यांनीच संघ उभे केले, विद्यार्थ्यांनीच सामने ठरविले. आधी खेळ आला, मग त्याचे वेड आले आणि शासन सर्वांत शेवटी आले, असा येथील क्रम आहे.

ते शासन आले तेही संकटातून. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या खेळात दरसाल तरुण मृत्युमुखी पडू लागले. ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजावले. त्या वर्षीच्या मोसमानंतर ही चळवळ वाढली आणि १९०६ मध्ये विद्यापीठांची एक संघटना स्थापन झाली. १९१० पासून ती नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली. चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याची मुभा १९०६ मध्येच मिळाली आणि त्यामुळे खेळ थोडा मोकळा झाला. या संघटनेने पुढे इतर बहुतेक खेळांत आपल्या अधिकृत स्पर्धा सुरू केल्या. बास्केटबॉलची स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. मात्र वरच्या श्रेणीच्या फुटबॉलचे अजिंक्यपद या संघटनेने आजपर्यंत कधीही स्वतःच्या हाताने दिलेले नाही.

याचे कारण असे, की संघटनेने हात घालण्यापूर्वीच ती जागा दुसऱ्या कोणी व्यापली होती. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना या शहरात नववर्षदिनी गुलाबपुष्पांचा उत्सव होत असे. हिवाळ्यातही आपल्याकडे फुले फुलतात आणि ऊन असते, हे पूर्वेकडच्या गारठलेल्या लोकांना दाखवावे, हा त्यामागील हेतू. त्या उत्सवाची शोभा वाढावी म्हणून १ जानेवारी १९०२ रोजी मिशिगन व स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवण्यात आला. मिशिगनने तो एकोणपन्नास विरुद्ध शून्य असा जिंकला. सामना इतका एकतर्फी झाला की पुढील काही वर्षे आयोजकांनी फुटबॉल सोडून रथांच्या शर्यती लावल्या! १९१६ पासून मात्र हा सामना दरवर्षी होऊ लागला आणि पुढे ‘रोझ बाउल’ या नावाने त्याची कीर्ती झाली. त्याचे पाहून मायामीत ‘ऑरेंज बाउल’, न्यू ऑर्लीन्समध्ये ‘शुगर बाउल’, डल्लासमध्ये ‘कॉटन बाउल’ असे सामने १९३५ ते १९३७ च्या दरम्यान सुरू झाले. ज्या प्रांताचे जे पीक, त्याचे नाव त्या सामन्याला. हे सामने म्हणजे एका अर्थी जत्राच होत्या. गावात पाहुणे यावेत, खाणावळी भराव्यात, मिरवणुका निघाव्यात आणि विद्यार्थ्यांना मोसमाच्या शेवटी एक प्रवास घडावा, एवढाच त्यांचा हेतू होता. देशातील सर्वश्रेष्ठ दोन संघांची गाठ घालून द्यावी, ही जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकली नव्हती आणि त्यांनी ती घेतलीही नव्हती.

तरीही ‘पहिला कोण?’ ही माणसाची जिज्ञासा स्वस्थ बसू देत नाही. १९२० नंतरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी गणिताच्या आधारे संघांची क्रमवारी लावून पाहिली. १९३६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडालेखकांची मते मागवून दर आठवड्याला क्रमवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठाला पहिले स्थान मिळाले. १९५० मध्ये युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची मते घेऊन आपली निराळी यादी सुरू केली. वर्तमानपत्रांना आठवडाभर चर्चेला विषय हवा होता; तो मिळाला. परंतु चर्चेसाठी काढलेली ही यादी हळूहळू निवाडा होऊन बसली. मतदारांनी ज्याला पहिला म्हटले, तोच राष्ट्राचा अजिंक्य संघ.

आता मत म्हटले की त्याला माणसाच्या सर्व मर्यादा आल्या. कोणत्याही एका मतदाराने सर्व संघ पाहिलेले असणे शक्य नव्हते. जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठांना नावाचा फायदा मिळे. शिवाय कित्येक वर्षे हे मतदान नववर्षाच्या सामन्यांपूर्वीच उरकत असे. त्यातून काय घडे, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले १९६६ चे. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला मिशिगन संस्थानातील ईस्ट लान्सिंग येथे नोटर डेम व मिशिगन स्टेट यांची गाठ पडली. दोघेही अपराजित, क्रमवारीत पहिला आणि दुसरा. सामना दहा-दहा असा बरोबरीत असताना शेवटची काही मिनिटे नोटर डेमने धोका न पत्करता वेळ काढली आणि बरोबरी पदरात घेतली. यानंतर निकाल लागावयाचा तर दोघांची पुन्हा गाठ पडावयास हवी होती. पण नोटर डेम त्या काळी आपल्या परंपरेनुसार बाउल सामने खेळतच नसे. आणि मिशिगन स्टेट ज्या मंडळात होते त्याच्या नियमानुसार एकाच विद्यापीठाला लागोपाठ दोन वर्षे रोझ बाउलला जाता येत नव्हते. म्हणून तेही घरी बसले. तिकडे दक्षिणेत अलाबामाच्या संघाने आपला एकूणएक सामना जिंकला होता. मतदारांनी नोटर डेमला पहिले स्थान दिले, मिशिगन स्टेटला दुसरे आणि सर्व सामने जिंकणाऱ्या अलाबामाला तिसरे.

दुसरे १९६९ चे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये टेक्सासने आर्कान्सॉचा पंधरा विरुद्ध चौदा असा पराभव केला, तो पाहावयास राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन स्वतः गेले होते. सामना संपताच त्यांनी खेळाडूंच्या खोलीत जाऊन टेक्सासला राष्ट्रीय अजिंक्यपदाचे मानचिन्ह अर्पण केले. इकडे पेन्सिल्व्हेनियातील पेन स्टेट हा संघही अपराजित होता; त्याला कोणी विचारले नाही. चार वर्षांनी, वॉटरगेट प्रकरण गाजत असताना, पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांनी पदवीदानाच्या भाषणात असा चिमटा काढला की, ज्या गृहस्थांना १९६९ मध्ये फुटबॉलची एवढी माहिती होती त्यांना १९७३ मध्ये वॉटरगेटची इतकी कमी कशी, याचे नवल वाटते.

तिसरे उदाहरण १९७३ चेच. प्रशिक्षकांच्या यादीने डिसेंबरातच अलाबामाला अजिंक्य ठरवून टाकले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी शुगर बाउलमध्ये त्याच अलाबामाला नोटर डेमने चोवीस विरुद्ध तेवीस असे हरविले. तरी प्रशिक्षकांच्या दप्तरी अलाबामाच अजिंक्य राहिले आणि वृत्तसंस्थेच्या दप्तरी नोटर डेम! पुढल्या वर्षापासून प्रशिक्षकांनीही आपले अखेरचे मतदान बाउल सामन्यांनंतर घेण्यास सुरुवात केली.

अशा प्रसंगांतून बाद पद्धतीच्या स्पर्धेची मागणी बळावत गेली. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. खेळाचा निकाल खेळणाऱ्यांनी लावावा, पाहणाऱ्यांनी नव्हे. १९७३ मध्ये संघटनेने विद्यापीठांची विभागणी तीन श्रेणींत केली, तेव्हा खालच्या दोन श्रेणींना त्याच वर्षी अशी स्पर्धा मिळाली; १९७८ मध्ये पहिल्या श्रेणीतील धाकट्या गटालाही ती मिळाली. लहान महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना डिसेंबरात चार-चार आठवडे खेळता येते, मग मोठ्या विद्यापीठांच्याच अभ्यासाची काळजी एवढी का वाहिली जाते, असा त्यांचा बिनतोड प्रश्न असे.

विरोधकांची बाजूही पोकळ नव्हती. त्यांचा पहिला मुद्दा नियमित मोसमाच्या महत्त्वाचा होता. अखेरची स्पर्धा नसल्यामुळे प्रत्येक शनिवारचा सामना निर्णायक ठरतो, सप्टेंबरातील एका पराभवाने वर्ष वाया जाऊ शकते, आणि या खेळाची सारी उत्कंठा त्यातच आहे, असे ते म्हणत. स्पर्धा आली की संघ दोन पराभव पचवूनही आत शिरतील आणि मोसम म्हणजे निव्वळ पात्रतेची खटपट होऊन बसेल. दुसरा मुद्दा परंपरेचा. बाउल सामन्यांत मोसमाच्या शेवटी अनेक संघ आनंदाने घरी जातात. बाद पद्धतीत एकच संघ हसत परततो. तिसरा मुद्दा खेळाडूंचा. हे विद्यार्थी आहेत, त्यांच्या परीक्षा असतात, त्यांचे गुडघे व डोकी लोखंडाची नाहीत. त्यांच्यावर आणखी तीन-चार सामन्यांचा भार कोणत्या न्यायाने टाकावयाचा? आणि चौथा मुद्दा, जो उघडपणे क्वचितच बोलला जाई, तो पैशाचा होता. नववर्षाच्या सामन्यांचे उत्पन्न थोड्या बलाढ्य मंडळांत वाटले जात होते. खुली स्पर्धा आली तर वाटेकरी वाढणार होते.

पैशाचा हा प्रश्न १९८४ मध्ये अधिकच तीव्र झाला. तोपर्यंत दूरचित्रवाणीवर कोणते सामने दाखवावयाचे हे मध्यवर्ती संघटना ठरवीत असे. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी बायरन व्हाइट हे तरुणपणी स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. खेळातील विद्येचे अंग या निकालाने आणखी दुबळे होईल, अशी चिंता त्यांनी आपल्या निकालपत्रात व्यक्त केली. निकालानंतर विद्यापीठे व त्यांची ‘कॉन्फरन्स’ म्हणून ओळखली जाणारी मंडळे आपापले करार करू लागली. मध्यवर्ती संस्थेचे बळ घटले आणि मंडळांचे वाढले. त्याच वर्षी युटामधील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने आपले तेराही सामने जिंकून दोन्ही याद्यांत पहिले स्थान मिळविले. मात्र त्यांचा बाउलमधील प्रतिस्पर्धी मिशिगन सहा सामने जिंकून तितकेच हरणारा निघाला. तेव्हा हा संघ खरोखर कोणाला हरवून अजिंक्य झाला, अशी कुजबूज बलाढ्यांच्या गोटात सुरू झाली. सर्व सामने जिंकणे पुरेसे नाही, योग्य घराण्यात जन्मही हवा, असा त्या कुजबुजीचा अर्थ होता.

१९९० व १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे दोन याद्यांनी दोन निरनिराळे अजिंक्य संघ जाहीर केले. मग १९९२ पासून मंडळांनी आपसांत करार करून पहिल्या व दुसऱ्या संघांची गाठ घालण्याचा प्रयत्न चालविला. परंतु रोझ बाउलशी १९४६ च्या करारापासून बांधलेली दोन मंडळे त्यात आली नाहीत, आणि १९९७ मध्ये मिशिगन व नेब्रास्का हे दोन्ही संघ अपराजित राहूनही समोरासमोर आले नाहीत. अखेर १९९८ मध्ये सर्व मोठी मंडळे एकत्र आली आणि ‘बाउल चॅम्पियनशिप सीरिज’ ही योजना निघाली. मतदारांच्या याद्या आणि संगणकांची गणिते यांची बेरीज करून दोन संघ निवडावयाचे आणि त्यांचा एक अंतिम सामना घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. माणसाच्या पक्षपातावर यंत्राचा उतारा मिळाला, असे प्रथम वाटले.

पण यंत्रालाही काय मोजावयाचे हे माणूसच सांगत असतो. २००१ मध्ये नेब्रास्का आपल्या मोसमातील शेवटचा सामना कोलोरॅडोकडून बासष्ट विरुद्ध छत्तीस असा हरूनही अंतिम सामन्यात पोहोचले. २००३ मध्ये क्रीडालेखक व प्रशिक्षक या दोघांच्याही याद्यांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ गणितात तिसरा ठरला आणि बाहेर राहिला. अंतिम सामना लुइझियाना स्टेटने जिंकला. क्रीडालेखकांनी मात्र सदर्न कॅलिफोर्नियालाच पहिले स्थान दिले. दोन अजिंक्य संघ होऊ नयेत म्हणून काढलेल्या योजनेने पुन्हा दोन अजिंक्य संघ दिले. २००४ मध्ये ऑबर्नचा संघ सर्व सामने जिंकूनही दारातच उभा राहिला. त्याच डिसेंबरात असोसिएटेड प्रेसने आपली यादी या गणितासाठी वापरण्यास मनाई केली.

सर्वांत बोचणारा प्रश्न होता तो लहान मंडळांतील विद्यापीठांचा. १ जानेवारी २००७ रोजी आयडाहोतील बॉयसी स्टेट या संघाने फिएस्टा बाउलमध्ये बलाढ्य ओक्लाहोमाला जादा वेळेत त्रेचाळीस विरुद्ध बेचाळीस असे हरविले. त्या मोसमात त्यांनी आपला एकही सामना गमावला नव्हता. तरी क्रीडालेखकांच्या यादीत त्यांना पाचवे स्थान मिळाले. २००८ च्या मोसमात युटा विद्यापीठाने तेराही सामने जिंकले, शुगर बाउलमध्ये अलाबामालाही हरविले, आणि तरी ते दुसरे राहिले. त्या विद्यार्थ्यांच्या हातात जे जे होते ते सर्व त्यांनी केले होते. यापुढे आणखी काय जिंकावे, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

हा प्रश्न मग राजकारणात शिरला. नोव्हेंबर २००८ मध्ये नुकतेच निवडून आलेले बराक ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आठ संघांच्या स्पर्धेचा पुरस्कार केला. २००९ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांपुढे या विषयाची सुनावणी झाली. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी ही पद्धत स्पर्धाविषयक कायद्यांत बसत नाही असा आग्रह धरला. बाद पद्धतीशिवाय घेतलेल्या सामन्याला ‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ म्हणून जाहिरात करण्यास बंदी घालणारे एक विधेयक उपसमितीत संमतही झाले. पुढे मात्र ते सरकले नाही. देशापुढे आर्थिक अरिष्ट उभे असताना लोकप्रतिनिधींनी चेंडूच्या मागे धावावे काय, अशी टीका झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. परंतु यांतील बहुतेक विद्यापीठे सरकारी पैशावर चालतात, म्हणून त्यांच्या व्यवहारातील न्याय-अन्याय हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे उत्तरही तितकेच खरे होते.

विशेष म्हणजे जुनी पद्धत मोडली ती लहानांच्या तक्रारीने नव्हे, मोठ्यांच्याच कंटाळ्याने. नोव्हेंबर २०११ मध्ये लुइझियाना स्टेटने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर नऊ विरुद्ध सहा असे हरविले होते. तरीही जानेवारी २०१२ मध्ये अंतिम सामन्यासाठी त्याच दोन संघांची, तीही एकाच मंडळातील, पुन्हा निवड झाली. या वेळी अलाबामा एकवीस विरुद्ध शून्य असा जिंकला. म्हणजे दोन सामन्यांत दोघांचा एक-एक विजय. आणि अजिंक्य मात्र दुसऱ्या वेळी जिंकणारा. बाकीच्या मंडळांचा धीर सुटला. जून २०१२ मध्ये कुलगुरूंच्या समितीने चार संघांच्या स्पर्धेला संमती दिली आणि २०१४ च्या मोसमापासून ती सुरू झाली. संघ निवडण्याचे काम तेरा जणांच्या निवडसमितीकडे सोपविण्यात आले. तीत माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस याही होत्या. पहिल्याच वर्षी चौथ्या क्रमांकाने आत आलेल्या ओहायो स्टेटने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला व नंतर ऑरेगनला हरवून करंडक नेला. जुन्या पद्धतीत त्यांना अंतिम सामन्याचे दारही दिसले नसते. स्पर्धेच्या पुरस्कर्त्यांना याहून चांगला पुरावा कोणता हवा होता?

मात्र त्याच वर्षी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ शेवटच्या आठवड्यात पंचावन्न विरुद्ध तीन असा सामना जिंकूनही तिसऱ्या स्थानावरून सहाव्यावर घसरला आणि बाहेर राहिला. दुसऱ्या-तिसऱ्यांतला वाद आता चौथ्या-पाचव्यांत आला होता. २०२३ मध्ये तर याची कमाल झाली. फ्लॉरिडा स्टेटने आपले तेराही सामने जिंकून एका मोठ्या मंडळाचे अजिंक्यपद मिळविले. पण त्यांच्या प्रमुख खेळाडूचा पाय नोव्हेंबरात मोडला होता. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे समितीचे मत पडले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेण्यात आले. संघाने जे केले त्यापेक्षा तो पुढे काय करू शकेल, या अंदाजाला येथे अधिक वजन मिळाले. निराश झालेल्या फ्लॉरिडा स्टेटच्या अनेक खेळाडूंनी ऑरेंज बाउल खेळण्याचे नाकारले आणि उरलेल्या संघाचा जॉर्जियाने त्रेसष्ट विरुद्ध तीन असा धुव्वा उडविला. त्या निकालावरून कोणी समितीचे समर्थन केले, तर कोणी समितीनेच तो पराभव घडविला असे म्हटले.

२०२४ पासून ही स्पर्धा बारा संघांची झाली आणि पहिल्या फेरीचे सामने प्रथमच विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर झाले. लहान मंडळांतील एका तरी विजेत्याला आत जागा मिळेल अशी तरतूद झाली. ज्या बॉयसी स्टेटला २००७ मध्ये पाचवे स्थान देऊन वाटेला लावले होते, तो संघ त्या वर्षी हक्काने आत आला. परंतु विरोधकांची जुनी भीतीही त्याच वर्षी खरी ठरली. मोसमात एकही सामना न हरलेले ऑरेगन पहिल्या क्रमांकाने स्पर्धेत आले आणि रोझ बाउलमध्ये ओहायो स्टेटकडून हरले. ते ओहायो स्टेट मोसमात दोनदा पराभूत झाले होते. त्यांतला एक पराभव याच ऑरेगनकडून होता. तेच २० जानेवारी २०२५ रोजी नोटर डेमला हरवून अजिंक्य ठरले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या वर्षी सोळा सामने खेळले होते.

सोळा सामने हा व्यावसायिक खेळाडूचा भार आहे. आणि येथेच या वादाचा खरा गाभा लागतो. जोवर हे खेळाडू ‘विद्यार्थी’ या नावाखाली विनामोबदला खेळत होते, तोवर त्यांच्या परीक्षांची सबब पुढे करून स्पर्धा नाकारली जात होती. आणि स्पर्धेत पैसा दिसला तेव्हा तीच सबब गुपचूप बाजूला ठेवली गेली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणविषयक लाभांवरील संघटनेचे निर्बंध एकमताने बेकायदेशीर ठरविले, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे करंडकाचा न्याय आधी झाला, घामाचा न्याय नंतर.

या इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येण्यासारखा नाही. स्पर्धेमुळे निवड करण्याची गरज संपली नाही. ती दुसऱ्या स्थानावरून बाराव्या स्थानाकडे सरकली एवढेच. अन्याय होणे थांबले नाही. मात्र दुसऱ्या स्थानी अन्याय झालेला संघ कदाचित खरा अजिंक्य असू शकतो. तेराव्या स्थानी राहिलेल्याविषयी तसे म्हणणे अवघड आहे. सुधारणा म्हणतात ती बहुधा अशीच असते. ती चूक नाहीशी करीत नाही. चुकीने होणारी हानी कमी करते. त्याची किंमत म्हणून एका शनिवारच्या पराभवाची जुनी धास्ती गेली आणि अपराजित राहण्याचा जुना मान थोडा उतरला, हेही मान्य केले पाहिजे.

या कथेचा शेवट, योगायोगाने, जेथे तिचा आरंभ झाला त्याच घराण्यात येऊन ठेपतो. प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड यांसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ने आपल्या श्रेणीतील बाद पद्धतीची स्पर्धा अनेक दशके नाकारली होती. विद्या प्रथम, खेळ नंतर, हे त्यांचे ब्रीद. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी हा निर्णय बदलला आणि २०२५ पासून स्पर्धेत उतरण्याचे ठरविले. तो बदलावा, अशी मागणी कोणा कंपनीने वा मंत्र्याने केली नव्हती. ती त्यांच्या खेळाडू-विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनीच केली होती. दीडशे वर्षांपूर्वी ज्या विद्यार्थ्यांनी कोणाच्या परवानगीवाचून हा खेळ उभा केला, त्यांच्या वारसांनी पुन्हा एकदा आपला निकाल मैदानावर लागावा एवढेच मागितले. पक्षोपपक्षांच्या त्या लांबलचक वादात, ज्यांना प्रत्यक्ष खेळावयाचे होते त्यांना प्रथमच इतक्या साधेपणाने विचारले गेले, आणि त्यांनी तितक्याच साधेपणाने उत्तर दिले.